पडलेली कड : दर्यापूर तालुक्यातल्या एका आरशाचं प्रकरण

प्रकरण आहे १५० मिलिमीटर व्यासाच्या एका आरशाचं. अमरावती जिल्ह्यात, दर्यापूर तालुक्यातल्या एका गावी, जिनिंगमध्ये फिटरकी करणाऱ्या तिशीतल्या तरुणाने तो दुर्बिणीसाठी हाताने घासला. घासकाम चोख झालं, पॉलिशही लख्ख आलं. पण तपासणी केली तेव्हा आरशाची बाहेरची कड, शेवटचे चार-पाच मिलिमीटर, खाली झुकलेली निघाली. जितकं जास्त पॉलिश करावं तितकी ती जास्तच झुकत गेली.

आरसे बनवणाऱ्यांच्या बोलण्यात याला कड पडणं म्हणतात. दोष इतका सर्रास आढळतो की पुष्कळ जण त्याच्यावर काळ्या कागदाचं कडं लावतात आणि पुढे जातात. कडेचे पाच मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण गोल आरशाचं बरंचसं क्षेत्रफळ कडेलाच असतं. १५० मिलिमीटरच्या आरशावर पडणाऱ्या प्रकाशापैकी जवळपास १३ टक्के प्रकाश या अरुंद पट्ट्यावर पडतो. तो नेमक्या जागी न मिळता आजूबाजूला पसरला, की चंद्राच्या काळ्या सावल्या राखाडी दिसतात आणि ग्रहावरचे पट्टे पुसट होतात. त्या तरुणाच्या परवानगीने, नाव न देता, हे सगळं लिहितो आहे. कारण विदर्भात उन्हाळ्यात जो कुणी आरसा पॉलिश करायला बसेल, त्याच्यापुढे हीच अडचण उभी राहणार आहे, आणि तो दोष स्वतःच्या हाताला देत बसेल.

माणूस आणि त्याचा हंगाम

जिनिंगचं काम दिवाळीनंतर जोरात असतं ते होळीच्या पुढेपर्यंत. कापसाच्या गाड्या लागलेल्या असतात तेव्हा फिटरला जेवायलाही उसंत नसते. डबल रोलर जिनमधल्या पट्ट्यांची फट जमवणं, झिजलेल्या चामडी रोलरला पुन्हा खाचा पाडणं, बेअरिंगं बदलणं हे त्याचं रोजचं काम. चैत्र लागला की यंत्रं थंडावतात आणि त्याच्याकडे वेळ येतो. म्हणजे आरशासाठी त्याला मोकळे महिने मिळतात ते नेमके एप्रिल, मे आणि जून. हे या प्रकरणाच्या मुळाशी आहे. हिवाळ्यात कर म्हणणं सोपं आहे, पण हिवाळ्यात त्याच्या घरची चूल जिनिंगवर चालते.

तालुक्याच्या कॉलेजात एकदा आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात त्याने शनीची कडी पाहिली होती. दुर्बीण कुणी बनवली म्हणून विचारलं, तर तिचा आरसा घरीच घासलेला आहे असं उत्तर मिळालं. बस्स, त्याला तेवढं पुरलं. महाराष्ट्रात ही विद्या पसरायला पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत झालेल्या दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळांचा मोठा हातभार लागला. तिथे शिकलेल्यांनी पुढे इतरांना शिकवलं. या साखळीतल्या कुणीतरी त्याला माझा नंबर दिला.

काच मुंबईहून मागवलेली, २५ मिलिमीटर जाडीची साधी फ्लोट काच. खालची चकती त्याने स्वतः सिमेंटची ओतली आणि तिच्यावर फरशीच्या टाइलचे तुकडे चिकटवले. घासायला कार्बोरंडमची पूड, भरड ८० नंबरपासून सुरुवात. वरची काच पुढेमागे सरकते तेव्हा तिचा मध्यभाग खालच्या चकतीच्या कडेवर दाबला जातो, म्हणून वरची खोलगट होते आणि खालची फुगीर. माणूस चकती ठेवलेल्या ड्रमभोवती हळूहळू फिरत राहतो, काचही हातात वळत राहते, आणि या फिरण्यातून गोलाचा तुकडा आपोआप तयार होतो. दोन पृष्ठभाग सगळ्या दिशांनी एकमेकांवर घासले तर शेवटी गोलाकारच जुळतात. या साध्या भूमितीवर हा सगळा छंद उभा आहे.

खोली मोजायला त्याने फिलर गेज वापरलं. आरशावर सरळ पट्टी आडवी ठेवायची आणि मध्यावर गेजची पानं सरकवायची. १.०० आणि ०.२० अशी दोन पानं मिळून घट्ट बसली, म्हणजे खोली १.२० मिलिमीटर. त्यावरून वक्रता त्रिज्या साधारण २३४० मिलिमीटर आणि फोकल लेंथ ११७० निघते. ओल्या आरशाने सूर्याची प्रतिमा भिंतीवर पाडून त्याने ताळाही घेतला. उन्हाला तोटा नव्हताच. मग १२०, २२०, ३२०, ४००, ६०० आणि शेवटी पाच मायक्रॉनची अॅल्युमिनियम ऑक्साइडची पूड. प्रत्येक टप्प्याला आधीच्या टप्प्याचे खड्डे पूर्ण जाईपर्यंत थांबायचं असतं. इथे बहुतेक नवखे घाई करतात. त्याने केली नाही. भिंगाखाली पाहिलेला त्याचा बारीक घासलेला पृष्ठभाग मी आजवर पाहिलेल्यांत फार वरचा होता, कडेपर्यंत एकसारखा. हे मुद्दाम नोंदवतो, कारण कड पडलेली असली की पहिला संशय घासकामावर जातो आणि इथे तो लगेच दूर झाला.

पॉलिश आणि पिच

पॉलिश घासण्याहून वेगळं असतं. खालच्या चकतीवर पिचचा, म्हणजे राळ किंवा डांबरासारख्या घट्ट पदार्थाचा, थर ओततात, तो आरशाच्या वक्रतेला दाबून बसवतात, त्याला चौकोनी खाचा पाडतात आणि सेरियम ऑक्साइडचं पाणी टाकून त्यावर आरसा चालवतात. पिचचा गुणच असा की क्षणाच्या धक्क्याला तो टणक असतो आणि सावकाश दाबाला वाहतो. म्हणून तो आरशाच्या आकाराशी सतत जुळवून घेत राहतो, आणि म्हणूनच मिलिमीटरच्या लाखाव्या भागापर्यंतचं काम हाताने करता येतं.

त्याचं हे वाहणं किती संथ असतं याचा एक प्रयोग ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या विद्यापीठात १९२७ पासून चालू आहे. थॉमस पार्नेल यांनी नरसाळ्यात पिच भरून ठेवला, आणि एकेक थेंब पडायला सुरुवातीला आठ-नऊ वर्षं लागत गेली. १९८८ नंतर त्या इमारतीत वातानुकूलन आलं तेव्हा थेंबांमधलं अंतर आणखी वाढलं. खोली काही अंशांनी गार झाली, एवढ्याच कारणाने. आता आपला प्रश्न उलटा विचारून बघा. खोली काही अंशांनी नाही, वीस अंशांनी तापली तर?

पिच त्याने घरीच बनवला होता: राळ, थोडं मेण आणि मऊपणा आणायला टर्पेंटाइन. प्रमाण जुन्या, हातोहात आलेल्या टिपणांमधलं. ही टिपणं मुळात कुठली? हौशी आरसेकारीची लाट उठली ती अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात. स्प्रिंगफील्ड या गावी १९२० मध्ये रसेल पोर्टर यांनी तिथल्या कारखान्यातल्या कामगारांना आरसे घासायला शिकवलं. ते बहुतेक यंत्रकामाचे कारागीर होते, म्हणजे आपल्या या फिटरचेच भाईबंद. १९२५ मध्ये एका विज्ञान मासिकात त्यांच्यावर लेख आला आणि छंद जगभर पसरला. व्हरमाँट म्हणजे बर्फाचा मुलुख. तिथला माणूस घराच्या तळघरात वीस अंशांच्या आसपास काम करतो. त्याने लिहिलेलं प्रमाण त्या तळघरासाठी बरोबरच आहे. ते जसंच्या तसं मे महिन्यातल्या दर्यापुरात टिनाच्या शेडखाली वापरलं गेलं.

त्याची शेड घराच्या पुढच्या अंगाला. दिवसभर पंचेचाळीसचं ऊन खाल्लेला टिन संध्याकाळी पाचनंतरही तापलेला असतो. दुपारी काम अशक्य, सकाळी शेतातली नि घरची कामं, म्हणून त्याने पॉलिशची वेळ ठेवली संध्याकाळी पाच ते आठ. पुढे थर्मामीटर लावून पाहिलं तर त्या वेळी शेडमध्ये ३९ ते ४० अंश असायचे.

तपासणी काय सांगत होती

आरसा तपासायची जी पद्धत घरात करता येते ती लिओं फूको यांनी १८५८ मध्ये शोधून काढली. आरशाच्या वक्रता त्रिज्येइतक्या अंतरावर बारीक फटीतून प्रकाश सोडायचा, परत येणाऱ्या प्रकाशाच्या टोकाशी धारदार पातं हळूच आणायचं आणि पात्याच्या अगदी मागे डोळा ठेवायचा. आरसा अचूक गोलीय असेल तर तो सगळा एकदम करडा होतो. कुठे उंचवटा किंवा खळगा असेल तर तिथे सावली पडते, चंद्रावरच्या डोंगराला संध्याकाळी पडावी तशी. लाकडाची पट्टी, एलईडी, दोन सेल आणि दाढीचं पातं एवढ्या सामानावर प्रकाशलहरीच्या दहाव्या भागाइतका दोष दिसतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाने ही युक्ती अशी बेतली की दर्यापूरच्या फिटरलाही ती परवडावी, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं.

चांगल्या कडेवर पातं आलं की दोन्ही बाजूंना केसासारखी बारीक उजळ रेघ दिसते. त्याच्या आरशात एका बाजूची रेघ नाहीशी होती आणि तिच्या आत मऊ, पसरट उजेड होता. पडलेल्या कडेची ही नेहमीची खूण.

त्याने फोन केला तेव्हाचं त्याचं वाक्य असं होतं: "सर, कड काई सुदरून नाई रायली. जेवढं घासतो तेवढी पडून रायली. माह्या हातातच खोट हाय का?"

कड पडली म्हटल्यावर सांगितले जाणारे ठरावीक उपाय त्याने आधीच करून झाले होते. स्ट्रोक, म्हणजे आरसा पुढेमागे सरकवायची लांबी, आखूड केला, दाब कमी केला, आरसा खाली आणि पिच वर असंही करून पाहिलं. एरवी मीही यातलंच काहीतरी सुचवलं असतं. पण त्याने जे फोटो पाठवले त्यात आरशापेक्षा पिचचा फोटो बोलका होता. आदल्या संध्याकाळी पाडलेल्या खाचा दुसऱ्या दिवशी अर्ध्या बुजलेल्या. चकतीच्या कडेवरून पिच ओघळून खाली लोंबलेला. घरी बनवलेल्या पिचमध्ये थोडंफार ओघळणं होतंच, पण एका रात्रीत खाचा बुजणं म्हणजे पिच त्या तापमानाला फार मऊ आहे.

मऊ पिचवर कड का पडते हे नीट समजून घेतलं पाहिजे, कारण इथूनच उपाय निघतो. आरसा पुढे सरकला की त्याचं वजन मऊ पिचमध्ये रुततं. आरशाखालचा पिच दबतो आणि बाहेरच्या बाजूला हलकासा फुगतो. परतीच्या स्ट्रोकला आरशाची कड या फुगवट्यावरून जाते. बाकी आरशापेक्षा कडेवर जास्त घर्षण, प्रत्येक फेरीला, तासन्‌तास. त्यात घर्षणाची स्वतःची उष्णता मिळते आणि पिच आणखी मऊ होतो. स्ट्रोक कितीही आखूड केला तरी फुगवटा राहतोच. हात सुधारून हा दोष जाणार नव्हता.

पण तर्क झाला म्हणून निदान झालं असं होत नाही. एकच गोष्ट बदलून पाहायला हवी होती. त्याला म्हटलं, पिच तोच ठेव, स्ट्रोक तोच, दाब तोच, फक्त वेळ बदल. पहाटे चारला उठून सहापर्यंत काम कर, आणि शेडमध्ये नको, मागच्या जुन्या खोलीत. घराच्या मागच्या अंगाला आजीची कवेलूची खोली होती, जाड मातीच्या भिंतींची, शेणाने सारवलेल्या जमिनीची. मे महिन्यातही तिथे पहाटे २९-३० अंश असायचे. आजीला धान्याची पोती सरकवायला लावणं हाच त्यातला कठीण भाग होता. "बाप्पा, काच घासाले आता माही खोली पायजे का तुले?" असं म्हणून तिने खोली दिली.

आठवडाभर पहाटे काम केल्यावर कड सुधारली नव्हती, पण आणखी पडलीही नव्हती. संध्याकाळी शेडमध्ये मुद्दाम दोन तास केलं तर पुन्हा झुकली. एवढ्यावर माझी खात्री झाली. त्याची माझ्याआधी झाली होती. रोलरचं चामडं तापलं की धार धरत नाही हे त्याने वर्षानुवर्षं पाहिलेलं. तो म्हणाला, "सर, फिटिंगमदी पह्यले माल पाहाचा, मंग हाताले दोष द्याचा."

पिच पुन्हा शिजवला

पहाटेची वेळ हा अर्धा उपाय होता. तीस अंशही त्या जुन्या प्रमाणासाठी जास्तच. म्हणून पिच कठीण करायचा होता. टर्पेंटाइन उडून गेलं की पिच कठीण होतो, किंवा राळ वाढवली तरी होतो. हे काम उघड्या आगीवर करू नये. टर्पेंटाइनची वाफ पेट घेते. त्याने अंगणात, कॉइलच्या शेगडीवर, रेतीच्या तव्यात भांडं ठेवून मंद आचेवर केलं आणि जवळ ओलं गोणपाट ठेवलं.

किती कठीण हे ठरवायला प्रयोगशाळा लागत नाही. पिचचा छोटा तुकडा ज्या खोलीत काम करायचं त्या खोलीतल्या बादलीभर पाण्यात बराच वेळ ठेवायचा आणि मग अंगठ्याचं नख मध्यम जोराने काही सेकंद दाबायचं. बारीक खूण उमटली पाहिजे, पण नख रुतलं नाही पाहिजे. पाणी खोलीच्याच तापमानाचं हवं, यावर सगळं अवलंबून आहे. माठातलं पाणी घेतलं तर पिच कठीण भासतो आणि काम सुरू केल्यावर मऊ निघतो. जुन्या टिपणांमध्ये ही नखाची कसोटी दिलेली असते, पण कुठल्या तापमानाला ते कित्येकदा लिहिलेलं नसतं. लिहिणाऱ्याला लिहायची गरजच पडली नव्हती.

कठीण पिचचे स्वतःचे त्रास असतात. तो आरशाशी लवकर जुळत नाही. कोमट पाण्यात चकती बुडवून, आरसा वर ठेवून, वजन देऊन बराच वेळ दाबून बसवावा लागतो. चकतीशी आरसा सगळीकडे टेकला नाही तर पट्ट्यापट्ट्यांचे खळगे पडतात. आणि धुळीचा कण मऊ पिचमध्ये गडप होतो, कठीण पिचवर तो ओरखडा काढतो.

धुळीचा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. काचेपेक्षा क्वार्ट्झ कठीण, आणि रस्त्यावरच्या फुफाट्यात क्वार्ट्झ असतोच. उन्हाळ्यात वारा सुटला की तो दाराच्या फटीतून आत येतो. शिवाय त्याच्या कपड्यांवर, केसांवर कापसाची रुई. रुईने काच खरडत नाही, पण तिच्यात अडकलेली माती खरडते. दोन लांब ओरखडे या काळातले आहेत आणि ते आजही आरशावर आहेत. त्यांनी दिसण्यात काही फरक पडत नाही, मी त्याला ते घालवायला लावले नाहीत. पुढे त्याने खोलीच्या दाराला ओलं फडकं लावलं, काम सुरू करण्याआधी जमीन शिंपायला लागला आणि पॉलिशसाठी वेगळा धुतलेला सदरा ठेवला.

पाण्याचंही तसंच. दर्यापूर खारपाणपट्ट्यात आहे, बोअरचं पाणी खारट. क्षारांमुळे सेरियमचे बारीक कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि भराभर तळाशी बसतात. घासताना हे चाललं, पॉलिशला चालेना. तेव्हा त्याने पिण्यासाठी येणाऱ्या आरओच्या कॅनमधलं पाणी वापरलं.

आता कडेकडे. पडलेली कड वर उचलता येत नाही. काच परत भरून येत नाही, म्हणून बाकीचा सगळा आरसा तेवढा खाली न्यावा लागतो. कड अर्धा मायक्रॉन पडलेली असेल तर उरलेल्या सगळ्या पृष्ठभागावरून अर्धा मायक्रॉन काच काढायची, तीही पॉलिशने. पर्याय होता, पाच मायक्रॉनच्या पुडीवर परत जाऊन पुन्हा सुरुवात करायची. माझा कल तिकडे होता. त्यात वेळ कमी लागला असता. त्याचं म्हणणं वेगळं होतं: नवा पिच काम करतो की नाही हे याच कडेवर दिसलं पाहिजे, नवीन पृष्ठभागावर गेलो तर कशाने सुधारलं हे कळणार नाही. त्याचं बरोबर होतं. पॉलिश चालू ठेवलं आणि जून संपेपर्यंत पडलेला पट्टा पाच मिलिमीटरवरून दीड-दोनवर आला.

पावसाळ्यात आकार

मृग बरसला आणि एक गोष्ट घडली जिचा आधी आम्ही कुणीच विचार केला नव्हता. पावसाळ्यात आकाश बंद, म्हणून आकाशाची हौस असलेले लोक हे चार महिने वाया गेलेले समजतात. पण आजीच्या खोलीतलं तापमान आता दिवसरात्र २६ ते २८ अंशांत राहू लागलं. आरशाला अंतिम आकार द्यायला याहून चांगली स्थिती नाही. साधी काच उष्णतेने बऱ्यापैकी प्रसरण पावते, तिचं प्रसरण बोरोसिलिकेट काचेच्या जवळपास तिप्पट असतं. हातांच्या उबेने आरशाचा आकार तात्पुरता बदलतो. मे महिन्यात पॉलिशनंतर तपासणीला कित्येक तास थांबावं लागत होतं आणि तरी खोलीतल्या हवेचे लोट सावलीत वाहताना दिसायचे. श्रावणात तास-दीड तासात आरसा शांत व्हायचा आणि सावली स्थिर दिसायची.

आकाराचा हिशेब असा. घासण्यातून गोलीय आरसा मिळतो आणि दुर्बिणीला अन्वस्त, म्हणजे पॅराबोलाच्या आकाराचा, हवा. या आरशात दोन आकारांमधला फरक, सगळ्यात चांगला मेळ घालून पाहिला तर, ०.०८ मायक्रॉनहून कमी आहे. परावर्तनात तो दुप्पट होतो, म्हणजे प्रकाशलहरीच्या पाव भागाच्या थोडा वर. पाव लहर ही चालण्याजोग्या आरशाची जुनी सीमा. म्हणजे हा आरसा गोलीय सोडला असता तरी काम भागलं असतं, पण थोड्या मेहनतीने तो पुष्कळ चांगला होणार होता.

तपासणीत प्रकाश आणि पातं एकाच पट्टीवर सरकत असतील, तर अन्वस्त आरशाचा मध्य आणि थेट कड यांच्या वाचनातला, म्हणजे पातं पट्टीवर कुठे येतं त्यातला, फरक आरशाच्या खोलीइतकाच येतो. सूत्र एकच आहे, त्रिज्येचा वर्ग भागिले वक्रता त्रिज्येची दुप्पट. म्हणजे १.२० मिलिमीटर, त्याच्या फिलर गेजची तीच दोन पानं. हे कळल्यावर त्याचा आनंद फोनवरूनही ऐकू येत होता. प्रत्यक्षात थेट कडेवर वाचन घेता येत नाही, म्हणून ७० मिलिमीटरच्या वर्तुळापर्यंत मोजलं. तिथे १.०५ यायला हवं होतं.

मध्य खोल करायला लांब, तिरपे, डब्ल्यूच्या आकाराचे स्ट्रोक घ्यावे लागतात, आणि लांब स्ट्रोकने कड पडायचा धोका परत येतो. म्हणून एका वेळी दोन-चार मिनिटंच काम, मग थांबणं, तपासणी, वहीत नोंद. पिच आणखी एकदा थोडा कठीण केला. फरक ०.९५ च्या आसपास आला तेव्हा मी त्याला थांब म्हटलं. तो आणखी पुढे जायला तयार होता. पण दहा टक्के उणा असलेला आरसा उत्तम असतो आणि दहा टक्के जास्त झालेला परत आणणं जिकिरीचं असतं. या बाबतीत मी त्याच्यावर थोडी जबरदस्ती केली आणि पुन्हा करेन.

कडेचे शेवटचे दीड मिलिमीटर मात्र राहिले ते राहिले. तेवढ्यावर काळ्या कागदाचं कडं लावलं. उपयोगी व्यास १४७ मिलिमीटर, प्रकाशात चार टक्के घट. पाच मिलिमीटर झाकण्यापेक्षा हे पुष्कळ बरं.

लेप देण्याआधी आकाशावर

अॅल्युमिनियमचा लेप देण्यासाठी आरसा शहरात पाठवावा लागतो आणि एकदा लेप दिला की सुधारणा करायला तो काढावा लागतो. म्हणून कोऱ्या आरशानेच आकाश बघून घ्यावं असा माझा आग्रह असतो. कोरी काच सुमारे चार टक्के प्रकाश परत पाठवते. ठळक ताऱ्यांना आणि चंद्राला तो पुरतो. कोजागरीच्या आसपास आकाश धुऊन निघालं होतं. ध्रुवतारा हलत नाही म्हणून तो तपासणीला सोयीचा असं सांगितलं जातं, पण आपल्या अक्षांशावर तो क्षितिजापासून जेमतेम २१ अंश वर असतो आणि तिथली हवा थरथरते. त्याऐवजी अभिजित घेतला. फोकसच्या आत आणि बाहेर ताऱ्याची जी वर्तुळं दिसतात ती दोन्हीकडे जवळपास सारखी होती. कागदाचं कडं काढलं की एका बाजूच्या वर्तुळाचा काठ मऊ व्हायचा, लावलं की कडक. उरलेला दोष नेमका तेवढाच होता.

लेप देऊन आरसा परत आला. दुर्बिणीची बाकीची जोडणी प्लायवुडची, डॉब्सन धाटणीच्या बैठकीवर. तिच्यात या प्रकरणासाठी नोंदवण्यासारखं काही नाही. हिवाळ्यात पुनर्वसूतला कॅस्टर हा जोडतारा तिने स्वच्छ वेगळा दाखवला, दोन ठिपके आणि मध्ये काळी जागा. चंद्राच्या विवरांमधल्या सावल्या काळ्याशार आहेत. जिनिंगचा हंगाम असल्याने तो रात्री उशिरा परततो आणि तरी अंगणात दुर्बीण काढतो. गल्लीतली पोरं रांगेत असतात, आणि आजीचा पहिला मान ठरलेला.

आता त्याने २०० मिलिमीटरची काच मागवली आहे, फोकल लेंथ १२००. हा आरसा गोलीय सोडून मुळीच चालणार नाही. गोल आणि अन्वस्त यांच्यातला फरक या वेळी आधीच्या जवळपास तिप्पट आहे, म्हणजे लांब स्ट्रोक जास्त आणि कडेला धोकाही जास्त. त्यामुळे कामाची वाटणी त्याने आधीच केली आहे. घासकामाला पिच लागत नाही, उन्हाची भीती नाही, तर ते एप्रिल-मेमध्ये, शेडमध्येच. पॉलिश रोहिणी संपल्यावर, मागच्या खोलीत. आकार श्रावण-भाद्रपदात. पिचचे त्याने तीन डबे भरून ठेवले आहेत आणि प्रत्येकावर तो कुठल्या तापमानाला नखाची कसोटी देतो ते लिहिलं आहे: २४, २८ आणि ३२. तिसऱ्या डब्यातल्या पिचबद्दल त्याला अजून शंका आहे, राळ जास्त झाल्याने तो ठिसूळ वाटतो. त्यात किंचित मेण वाढवून पाहा असं मी सुचवलं आहे. जुन्या सिमेंटच्या चकतीवर एक थर ओतून तो जूनमध्ये त्याची चाचणी घेणार आहे.